मशीन देणार नाही

ऑफिसात मला भांडखोर बाई म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण समोरच्या चहाच्या टपरीवर म्हणतात, आणि टपरीवाली माझ्या ओळखीची असल्यामुळे मला सगळं कळतं. म्हणोत. भांडले हे खरंच आहे, आणि तेही एका भंगार कॉम्प्युटरसाठी.

मी कंत्राटी ऑपरेटर. अकरा महिन्यांचा करार, मग थोडा खंड, मग पुन्हा अकरा महिने. असं करता करता केसांत पांढरं आलं. ऑफिस वणीकडच्या कोळशाच्या पट्ट्यात आहे. नेमकं कोणतं ते सांगत नाही. असं एखादं मशीन कोणत्याही सरकारी ऑफिसात सापडेल. माझी खोली रस्त्याच्या अंगाला. रस्त्यावरून दिवसभर कोळशाचे ट्रक जातात. सकाळी टेबल पुसलं की दुपारपर्यंत त्यावर बोटाने रेघ ओढता येते. माणसं नाकाला रुमाल लावतात, मशीन काय लावणार? सुरुवातीला साफसफाईसाठी ब्लोअर मागितला तर ‘मागणी वर पाठवली आहे’ असं उत्तर आलं. मग मी घरून चुलीची फुकणी आणली. डब्याचं झाकण उघडायचं आणि फुंकायचं. शिपाईकाका हसायचे. म्हणायचे, “बाई, चूल पेटवून राह्यल्या का दाखला काढून राह्यल्या?”

जातीचे दाखले, रहिवासाचे दाखले, सगळं त्या एका मशीनवर. त्यातला प्रोग्राम कुण्या कंत्राटदाराच्या माणसाने लिहिलेला. तो माणूस केव्हाच निघून गेला, त्याची सीडीही गेली. त्यामुळे प्रोग्राम दुसऱ्या मशीनवर टाकायची सोय नाही. आतली बॅटरी मेलेली. रोज सकाळी चालू केलं की ते मशीन माझी मुलगी जन्मली नव्हती त्या काळातली तारीख दाखवायचं. पहिलं काम तारीख बदलणं. एखाद्या दिवशी विसरलं की त्या दिवशीचे दाखले जुन्या तारखेचे निघायचे आणि लोक दुसऱ्या दिवशी परत यायचे. प्रिंटर कागद गिळायचा. माऊस केव्हाच बंद पडला होता, मी कीबोर्डवरच सगळं करायला शिकले होते.

त्या मशीनवर माझा काही जीव नव्हता. दर वर्षी नवीन मशीनसाठी मीच पत्र टाइप करायची, त्याच मशीनवर. त्यामुळे नवीन ऑनलाइन पद्धत येणार म्हटल्यावर ऑफिसात सगळ्यांत जास्त आनंद कोणाला झाला असेल तर मला. यवतमाळला प्रशिक्षण झालं. मी पहिल्या रांगेत बसून सगळं लिहून घेतलं. नवीन मशीन आलं, काळंभोर, बारीक, आवाज न करणारं. जुनं मी स्वतः उचलून कोपऱ्यातल्या स्टुलावर ठेवलं आणि वर जुनी ओढणी टाकली.

मग निर्लेखनाचं पत्र आलं. निर्लेखन म्हणजे सरकारी वस्तू मेली असं कागदावर लिहून ती भंगारवाल्याला देणं. जिल्ह्यातली सगळी जुनी मशीनं एका गाडीत भरून जाणार होती. मी यादीत आमच्या मशीनचा नंबर भरला, सही केली. माझं काहीच म्हणणं नव्हतं.

गाडी यायच्या आधी मायलेकी आल्या.

माय माझ्याच वयाची, कापूस वेचून हातांची कातडी फाटलेली. पोरगी बारावी पास, नर्सिंगला नंबर लागलेला. बौद्ध कुटुंब. कॉलेजला जातीचा दाखला हवा होता, आणि लवकर हवा होता. ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रावर गेल्या तर अर्ज पुढेच सरकेना, म्हणून थेट ऑफिसात आल्या.

मी म्हटलं, “बसा, मी भरते.”

नवीन मशीनवर नाव, वडिलांचं नाव, सगळं भरलं. पुढचा रकाना होता मूळ गाव. तिथे टाइप करता येत नाही, यादीतून निवडावं लागतं. मी यादी उघडली.

“गाव?”

मायने गावाचं नाव सांगितलं. ते गाव मला माहीत होतं. ह्या पट्ट्यात कोणाला माहीत नाही? खाणीत गेलं ते. लोकांना दुसरीकडे वसाहत करून दिली, एकसारख्या घरांची, आणि गावाच्या जागी आता असा खड्डा आहे की त्याच्या तळाशी चालणारे डंपर वरून खेळण्यासारखे दिसतात.

यादीत ते गाव नव्हतं. मी वरून खाली गेले, खालून वर आले. आजूबाजूची गावं होती. हे नव्हतं. वसाहतीचं नाव होतं, पण मुलीच्या वडिलांच्या आणि आजोबांच्या सगळ्या कागदांवर जुनं गाव. वसाहत निवडली तर कागद जुळत नाहीत म्हणून अर्ज बाद. केंद्रवाल्याने शेजारचं गाव टाकून पाहिलं होतं, तेही बाद झालं होतं.

“काय झालं, ताई?” मायने विचारलं.

“गाव दाखवत नाही आहे.”

“दाखवन कसं? गाव त खाणीत गेलं.” ती साधेपणाने म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, “पण आम्ही त नाई गेलो ना खाणीत? आम्ही हावोत ना?”

पोरगी खाली मान घालून दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत होती. मी उठले, कोपऱ्यातल्या मशीनवरची ओढणी काढली, वायर जोडली. बराच वेळ ते घरघरलं आणि मग चालू झालं. तारीख बदलली. गावांची यादी उघडली. होतं गाव, आपल्या जागेवर, नेहमीसारखं. मुलीच्या वडिलांचा दाखलाही त्यात होता. कधीकाळी बहुधा मीच काढला असेल.

मी मायला म्हटलं, “दोन दिवसांनी या. कागद सगळे घेऊन या.”

साहेब नवीन होते. घाटावरचे, वयाने माझ्याहून लहान, परीक्षा देऊन आलेले, कामाला चांगले. फाइल दाबून ठेवायची सवय नव्हती त्यांना. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, “साहेब, गावाचं नाव यादीत येईपर्यंत जुनं मशीन राहू द्या. ह्या गावाचे दाखले त्यावर काढू, तुम्ही सही करा.”

ते म्हणाले, “मॅडम, जुनी पद्धत बंद झालीये. तसा आदेश आहे. मी त्यावर सही कशी करू?”

“मग ह्या मुलीने काय करायचं?”

“आपण वर कळवू. यादी वरून येते, माझ्या हातात नाही.”

“वर कळवून किती दिवस लागतात ते तुम्हालाही माहीत आहे. मी ब्लोअरसाठी कळवलं होतं.”

ते हसले नाहीत. म्हणाले, “गाडी सोमवारी येतेय. मशीन गाडीत जाऊ द्या.”

मी म्हटलं, “मशीन देणार नाही.”

हे वाक्य मी ठरवून बोलले नव्हते. तोंडातून गेलं. पण गेल्यावर परत घ्यावंसं वाटलं नाही.

साहेबांनी चष्मा काढला. “तुमचा करार पुढच्या महिन्यात संपतोय, बरोबर?”

“बरोबर.”

“मग विचार करून बोला.”

“विचार करूनच बोलते. तुम्ही मला लेखी द्या, साहेब. लेखी द्या की त्या गावाच्या माणसाला आता दाखला मिळणार नाही. मी मशीन स्वतः उचलून गाडीत ठेवते.”

त्यांनी लेखी काही दिलं नाही. मी खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकून घरी गेले.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो जेवत होता. त्याचा हात थांबला. “कायले पंगा घेतं वं? साहेब आज हाय, उद्या बदलीवर जाईन. तुले इथंच राहाचं हाय.”

“म्हणूनच घेतला. मलेच इथं राहाचं हाय. त्या बाईले बी इथंच राहाचं हाय.”

तो भाकरी संपवून म्हणाला, “कुलूप मजबूत हाय ना?” एवढंच. पण मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मशीन चालूच होईना. बटण दाबलं, पंखा थोडा फिरला आणि जळका वास आला. इतकी वर्षं कोळसा खाऊन दम धरलेलं ते मशीन नेमकं तेव्हा बसलं. मी झाकण उघडून बसले होते तेव्हा शिपाईकाका दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, “त्याचं काम झालं, बाई. आता भांडून काय करता?”

मला राग आला, मशीनचा नाही, ह्या बोलण्याचा. म्हटलं, “काका, वीज देणारा भाग जळला आहे. डोकं शाबूत आहे त्याचं.” डोकं म्हणजे हार्डडिस्क. ती शाबूत आहे की नाही हे मलाही माहीत नव्हतं, पण मी तसं म्हटलं.

गावातल्या दुरुस्तीवाल्याकडे तो भाग नव्हता. यवतमाळला फोन लावले, तिथेही नाही. एक जण म्हणाला, ऑनलाइन मागवा, आठ-दहा दिवसांत येईल. तेवढे दिवस माझ्याकडे नव्हते. मग मला धर्मकाट्याची आठवण झाली. राजूरच्या रस्त्याला एक खासगी धर्मकाटा आहे, भरलेले ट्रक तोलण्याचा. त्याचा मालक एकदा मुलाच्या दाखल्यासाठी आला होता, तेव्हा आमचं मशीन पाहून म्हणाला होता, “अरे, हे त आमच्या काट्यावरचंच मॉडेल!”

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि ऑटोने गेले. काट्यावर ट्रकांची रांग लागलेली. मालक शेडमध्ये पंख्याखाली बसून पावत्या फाडत होता. मला ओळखलं.

“या ताई. काय काम काढलं?”

“तुमचं जुनं कॉम्प्युटर आहे का अजून?”

“हाय ना, मागं पडेल हाय. त्यावर आता कोंबडी बसते. कायले पाह्यजे?”

मी सगळी गोष्ट सांगितली. गावाचं नाव ऐकल्यावर त्याने पावती फाडणं थांबवलं. बाहेर एक ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, त्याच्याकडे बघून तो ओरडला, “रुक ना भाई, दो मिनट!” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “माह्या मामाचं गाव ते. सुट्ट्यांत तिथंच राहाचो आम्ही. नदीवर पोहाले जाचो.” तो उठला, मागे गेला, आणि धुळीने माखलेला अख्खा डबाच उचलून घेऊन आला. त्यावर खरंच कोंबडीची पिसं होती. “पार्ट कायले, सगळंच घेऊन जा. अन् साहेब काही म्हणन त सांगजा, मी येतो बोलाले.”

डबा मांडीवर घेऊन मी ऑटोने परत आले. दुरुस्तीवाल्याला ऑफिसात बोलावून घेतलं. तो भाग त्याने काढला, आमच्या मशीनला लावला. बटण दाबलं. मी बाजूला भिंतीला टेकून उभी होते, बघायची हिंमत नव्हती. पंख्याचा आवाज आला, मग तो ओळखीचा बारीक ‘पीं’ आवाज. शिपाईकाकांनी टाळी वाजवली. सकाळी मशीनला मेलेलं म्हणणारे तेच. पडद्यावर अक्षरं उमटली आणि मी खुर्चीत बसून आधी तारीख बदलली.

ठरल्या दिवशी मायलेकी आल्या, पण एकट्या नाही आल्या. सोबत वसाहतीतल्या बायका. कोणाच्या मुलाचं पोलीस भरतीचं अडलेलं, कोणाच्या नातवाची शिष्यवृत्ती अडलेली. सगळ्यांचं त्याच रकान्यात अडलेलं. मी बोलावलं नव्हतं कोणाला. मायने वसाहतीत सांगितलं, एवढंच. त्यांनी घोषणा दिल्या नाहीत, गोंधळ केला नाही. साहेबांच्या दारासमोरच्या व्हरांड्यात पदर सावरून बसल्या, पाण्याच्या बाटल्या मधे ठेवल्या, आणि आपापसांत बोलत राहिल्या. साहेब जेवायला निघाले की वाट देत, परत आले की वाट देत. त्या इतक्या शांत होत्या की कोणाला त्यांना ‘उठा’ म्हणायचं कारण मिळेना.

दुपारनंतर साहेब माझ्या खोलीत आले. दार लावून घेतलं.

“हे तुम्ही केलंत?”

“नाही. पण केलं असतं तर कबूल केलं असतं.”

ते खुर्ची ओढून नवीन मशीनसमोर बसले. म्हणाले, “दाखवा मला, नेमकं कुठे अडतं.”

मी काही दाखवलं नाही. त्यांनाच अर्ज उघडू दिला. ते यादीत गाव शोधत राहिले. वरून खाली, खालून वर. ‘इतर’ असा पर्याय आहे का पाहिला. नाही. स्पेलिंग वेगळं असेल म्हणून दुसऱ्या अक्षरापासून शोधलं. नाही. माझ्यासारखंच केलं त्यांनी सगळं. मी त्यांच्याकडे बघत होते आणि पहिल्यांदाच मला वाटलं, हा माणूसही माझ्यासारखाच अडकला आहे, फक्त त्याची खुर्ची गादीची आहे.

“तुम्ही माझी मान अडकवताय, मॅडम,” ते हळूच म्हणाले.

“माझी आधीच अडकलेली आहे, साहेब.”

बाहेर बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता, कोणीतरी हसलं. मग त्यांनी टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि स्वतःच्या हाताने टिपणी लिहिली: अमुक गाव नवीन यादीत नसल्याने, यादीत समाविष्ट होईपर्यंत, जुन्या संगणकावरून दाखले काढावेत, निर्लेखन तूर्त स्थगित. सही केली, तारीख टाकली. म्हणाले, “वरून विचारलं तर हा कागद दाखवा. माझं नाव सांगा.”

मी दार उघडलं. मायकडे बघून म्हटलं, “या.”

दाखला त्याच दिवशी निघाला. प्रिंटरने पहिला कागद गिळला, दुसरा बरोबर दिला. साहेबांनी शिक्का मारून सही केली आणि कॉलेजच्या नावाने वेगळं पत्रही जोडून दिलं. पोरीने दाखला वाचला, गावाच्या नावावर बोट ठेवलं आणि मायला म्हणाली, “हे पाय, हाय.” मायला वाचता येत नव्हतं. तिनेही तिथे बोट ठेवलं.

सोमवारी भंगाराची गाडी आली. बाकी ऑफिसांतली मशीनं त्यात होतीच. गाडीवाल्याने यादी दाखवून आमचं मागितलं. मी टिपणी दाखवली. तो म्हणाला, “मॅडम, माह्या यादीत नंबर हाय.” मी म्हटलं, “तुझ्या यादीत आहे. माझ्या खोलीतही आहे. माझ्या खोलीतलं राहणार.” तो डोकं खाजवत निघून गेला.

ह्याची किंमत मला भरावी लागली नाही असं नाही. करार संपल्यावर नवीन करार यायला नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ लागला. तेवढे दिवस मी घरी बसले. आला तेव्हा माझं टेबल बदललेलं होतं. मला टपालाला बसवलं, आवक-जावकला, मशीनपासून लांब. साहेबांच्याही बदलीचा आदेश तोवर आला होता. ती ह्यामुळे झाली की नेहमीची झाली, मला माहीत नाही. जाताना ते टपालाच्या टेबलाशी आले, म्हणाले, “मॅडम, भांडत राहा.” मी म्हटलं, “त्याची काळजी करू नका.” पोरगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत आली की भेटून जाते.

गाव शेवटी यादीत आलं. चुकीचं आलं. आमच्याकडे लोक ‘ळ’ला ‘य’ म्हणतात, कोळशाला कोयसा. वर बसलेल्या कोणीतरी ऐकून तसंच टाइप केलं असावं. गावाच्या नावातल्या ‘ळ’चा ‘य’ झाला आणि कागद पुन्हा जुळेनात. वसाहतीतल्या बायका हसून हसून बेजार झाल्या. मग अर्ज घेऊन आल्या. त्या अर्जांची आवक मीच घेतली, प्रत्येकावर ठसठशीत शिक्का मारला आणि पोच हातात दिली. दुरुस्ती झाली, पण दर आठवड्याला स्मरणपत्र गेलं तेव्हा झाली.

आता खाण पुढे सरकते आहे. आणखी एका गावात मोजणीवाले येऊन गेले, घरांवर लाल रंगाने आकडे पडले. मागच्या रविवारी मी तिथे गेले. मला कोणी पाठवलं नव्हतं. समाजमंदिरासमोर माणसं बसली होती, मोबदल्याचं बोलणं चाललं होतं. मी उभी राहिले आणि म्हटलं, “मोबदल्याचं तुमचं तुम्ही बोला. माझं एकच सांगणं आहे. गावातल्या प्रत्येक लेकराचा दाखला आत्ताच काढा, पाळण्यातल्याचाही. गाव हलायच्या आधी. नंतर ते तुम्हाला विचारतील तुमचं गाव कोणतं, आणि ते त्यांच्याच यादीत नसेल.”

मागे बसलेला एक म्हातारा म्हणाला, “बाई, तू कोण ऑफिसर हाय का?”

“नाही, बाबा. कंत्राटी आहे.”

“मंग तुह्यावर साहेब रागावन नाई का?”

“रागावू द्या ना,” मी म्हटलं, आणि पहिल्या बाईच्या मांडीवरच्या पोराचे कागद बघायला मागितले.